हिमनदी ‘ऐच्छिक’ करू नका: ठाण्यातल्या सहल-आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतले समस्त सहल-आयोजक
(राम मारुती रोडपासून वाशीपर्यंत ज्यांच्या पाट्या आहेत, ते सगळे)

विषय: युरोपच्या सहलीतून हिमनदी वगळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

विषयाची ओळ सरकारी वाटेल, पण नोकरीची सगळी वर्षं पाटबंधारे खात्यात गेली. पत्र लिहायला बसलं की हात आपोआप तिकडेच वळतो. मजकूर मात्र घरचा आहे.

गेल्या पंधरवड्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात आपल्यापैकी एकांचा पुढच्या उन्हाळ्याच्या सहलींचा मेळावा झाला. चहा, बटाटेवडे, पडद्यावर ट्युलिपची शेतं आणि आयफेल टॉवर, सगळं रीतीप्रमाणे होतं. खुर्चीवर ठेवलेली कार्यक्रमपत्रिका चाळताना स्वित्झर्लंडपाशी थांबलो. मागच्या वर्षीपर्यंत तिथे ‘युंगफ्राउयोख, आलेच हिमनदी दर्शन’ असं छापलेलं असायचं. (युंगफ्राउयोख ही आल्प्समधली उंच खिंड, तिथून आलेच ही हिमनदी दिसते.) आता ‘मुक्त दिवस व खरेदी’ असं आहे आणि त्याखाली भिंगातून वाचावं अशा टायपात ‘युंगफ्राउयोख ऐच्छिक, स्वखर्चाने’. प्रश्नोत्तरांत कारण विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, “काका, आता तिथे बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. बर्फ काळा पडलाय. पब्लिकला फोटोपुरता पांढरा बर्फ लागतो, तो दुसरीकडे स्वस्तात मिळतो.” सभागृह हसलं. पुढचा प्रश्न जैन जेवणाची सोय आहे का, हा होता.

घरी आल्यावर आणखी काही आयोजकांच्या पत्रिका मागवून पाहिल्या. कुठे हिमनदी ऐच्छिक झाली आहे, कुठे तिचं ‘स्नो फन, ४५ मिनिटं’ झालं आहे, तर एकीकडे ती सरळ गायब आहे. म्हणून कुणा एकाचं नाव न घेता सगळ्यांना लिहितो आहे. दुखणं धंद्याचं आहे, दुकानाचं नाही.

यात माझा संबंध काय, तेही सांगतो. नद्यांचा विसर्ग मोजणं हे माझं काम होतं. उल्हास, काळू, भातसा या नद्यांच्या पुलांवरून भर पावसात करंट मीटर, म्हणजे प्रवाहाचा वेग मोजायचं यंत्र, पाण्यात सोडायचा, मोजपट्टीवरची पातळी टॉर्चच्या उजेडात वाचायची आणि आकडे वर कळवायचे. बर्फाचीही नदी असते आणि तीही वाहते, हे पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी बघायची राहिली होती. निवृत्तीनंतर हातात पैसे आले तेव्हा आमच्या घरात तह झाला: तिला ट्युलिप, मला हिमनदी. आपल्यापैकीच एका कंपनीबरोबर आम्ही गेलो.

युंगफ्राऊची रेल्वे हे स्वतःच एक प्रकरण आहे. १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये गाडी वर पोचली. सुमारे सव्वानऊ किलोमीटरची वाट, त्यातली सातहून जास्त किलोमीटर आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून. वाटेत आइस्मेअर नावाचं स्टेशन बोगद्यातच आहे. गाडी तिथे पाच मिनिटं थांबते, ती प्रवाशांना बाहेर बघता यावं म्हणून. खडकात मोठ्या खिडक्या कोरल्या आहेत आणि काचेपलीकडे हिमनदी फाटलेली, उभी-आडवी चिरलेली, अगदी अंगावर येते. आमच्या टूर मॅनेजरनं डब्यात घोषणा केली, “वॉशरूम डावीकडे, बरोब्बर पाच मिनिटं!” अख्खा ग्रुप डावीकडे रांगेत उभा राहिला. खिडकीशी आम्ही दोघं आणि पुण्याच्या एक आजी. त्यांनी विचारलं, “हे फुटलंय का?” सांगायला सुरुवात केली तोवर शिट्टी झाली.

वर युंगफ्राउयोखला, ३४५४ मीटरवर, आम्हाला तासाच्या आत उरकायचं होतं. त्यातला बराच वेळ जेवणाच्या कुपनात गेला (वरच्या भारतीय उपाहारगृहाचं नाव ‘बॉलिवूड’ आहे, यावरून आपल्या गर्दीचा अंदाज यावा). सज्जावर कुणीतरी विचारलं, हा बर्फ किती जुना? मॅनेजरनं छाती फुगवून सांगितलं, “शिवाजी महाराजांच्या आधीपासून आहे, जागचा हललेला नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा गुणी होता, रात्री अपरात्री कुणाच्या गोळ्या, कुणाची बॅग, सगळं बघायचा. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून तक्रार त्याच्याबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे.

तर, तो बर्फ हलतो. आणि हलतो म्हणूनच तो बघायला जायचं.

वर, उंचावर, वर्षभरात जेवढं हिम पडतं तेवढं उन्हाळ्यात वितळून संपत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचं पडतं. ताज्या हिमात बरीचशी हवाच असते. घनमीटरभर हिमाचं वजन ५० ते १०० किलो. त्याचे नाजूक कण मोडतात, गोलसर होतात, एकमेकांत घट्ट बसतात. मधेच थोडं वितळलेलं पाणी आत झिरपून पुन्हा गोठतं. एक उन्हाळा काढलेल्या या दाणेदार थराला आल्प्समध्ये फर्न म्हणतात. वरून भार वाढत जातो, तसतसा थर आवळत जातो. घनता घनमीटरला ८३० किलोच्या आसपास गेली की कणांमधल्या हवेच्या वाटा बुजतात, हवा बुडबुड्यांत कोंडली जाते, आणि तिथून पुढे तो हिमनदीचा बर्फ. आल्प्समध्ये याला काही वर्षं ते काही दशकं लागतात. अंटार्क्टिकाच्या मधल्या भागात, जिथे हिम कमी पडतं आणि वितळत जवळजवळ नाहीच, तिथे शेकडो वर्षं, कुठे त्याहूनही जास्त. भेगांमध्ये दिसणारी निळाई याच दाबलेल्या बर्फाची: जाड बर्फातून जाताना उजेडातला तांबडा भाग शोषला जातो, निळा उरतो.

जाडी तीस-चाळीस मीटरच्या पुढे गेली आणि खाली उतार असला, की हा बर्फ स्वतःच्याच वजनानं वाहायला लागतो. एक तर आतले स्फटिक दाबाखाली आकार बदलत सरकत राहतात. शिवाय तळाशी पाणी असेल तिथे अख्खा थर खडकावरून घसरतो. वरचे तीस-चाळीस मीटर मात्र ठिसूळ राहतात. खालच्या खडकाला उंचवटा आला, वळण आलं, की त्यांना वाकता येत नाही, ते तडकतात. पुण्याच्या आजींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. पाच मिनिटांत आरामात सांगून झालं असतं.

ज्यानं आयुष्यात एकदा तरी नदीचा वेग मोजला आहे त्याला पुढची गोष्ट वाचून हसूच येईल, इतकी ती ओळखीची आहे. हिमनदीतही मध्याला वेग जास्त, काठाला कमी, तळाला त्याहून कमी. फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या मेर द ग्लास या हिमनदीवर जेम्स डेव्हिड फोर्ब्स या स्कॉटिश प्राध्यापकानं १८४२ मध्ये थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून हे मोजून दाखवलं. त्याच्याआधी फ्रान्झ योझेफ हुगी या स्विस माणसानं १८२७ मध्ये उंटरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली होती. पुढच्या दशक-दीड दशकात ती झोपडी बर्फाबरोबर एक किलोमीटरहून जास्त खाली उतरली. झोपडीच वेगमापक झाली! लुई आगासी या स्विस शास्त्रज्ञानं त्याच हिमनदीवर १८४० मध्ये एका मोठ्या खडकाच्या आडोशाला मुक्काम ठोकला, बर्फात खुंट रोवले आणि वर्षानुवर्षं मापं घेतली. या मंडळींच्या कष्टांवर उभं असलेलं ज्ञान आहे हे, आणि आपण त्या जागी लोकांना कुपनं वाटतो.

आता आलेच. लांबी सुमारे २० किलोमीटर, आल्प्समधली सर्वांत मोठी. २००१ पासून तिचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. वरच्या बाजूला कॉन्कॉर्डियाप्लाट्झ नावाची सपाटी आहे, तिथे तीन मोठे हिमप्रवाह एकत्र येतात आणि बर्फाची जाडी सुमारे ८०० मीटर भरते. तिथला वेग वर्षाला २०० मीटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला अर्धा मीटर. खाली टोकाकडे तो निम्म्याहून कमी होतो. आम्ही वर पाऊण तास होतो तेवढ्यात त्या सपाटीवरचा बर्फ दीड सेंटिमीटर पुढे गेला असणार. सरळ भागाकार केला तर उगमापासून टोकापर्यंत यायला बर्फाला दीड-दोन शतकं लागतात. बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली ते १८५३ साल. त्या सुमारास वर पडलेलं हिम आता खालच्या टोकाजवळ कुठेतरी असेल. मॅनेजरला टाळ्याच घ्यायच्या होत्या तर हे वाक्य काय वाईट होतं?

हे सगळं मला दिसलं ते आपल्या कार्यक्रमाबाहेर. इंटरलाकेनला आम्हाला ‘मुक्त दिवस’ होता. मंडळी घड्याळं बघायला गेली. आम्ही दोघं श्पित्स, ब्रिग करत फिशला गेलो. गाडीनं दोनेक तास. फिशच्या स्टेशनातूनच पाळणा निघतो, पुढे दुसरा पाळणा एगिसहॉर्नपर्यंत नेतो. वर पोचल्यावर कठड्याशी गेलो आणि बायको म्हणाली, “अगं बाई, इथे रस्ते कुणी केले?” डोंगरांच्या मधून अख्खी आलेच वळण घेत खाली येत होती आणि तिच्या अंगावरून दोन काळे पट्टे, रुळांसारखे समांतर, दूरपर्यंत गेलेले. तेच मध्य हिमोढ. दोन हिमप्रवाह एकत्र येतात तेव्हा दोघांच्या काठांवरचा दगडमातीचा खच मधोमध येतो आणि मग खालपर्यंत बर्फाबरोबर वाहत जातो. नदीच्या संगमानंतर दोन पाणी काही अंतर वेगळी दिसतात, तसं नाही; इथे ती शेवटपर्यंत वेगळीच राहतात. आम्ही तिथे दोन तास बसलो. डबा खाल्ला. एकही मराठी माणूस भेटला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं. गर्दी नव्हती म्हणून बरंही वाटलं, ते सोडा.

त्या काळेपणाबद्दलच आपल्या व्यासपीठावरून सांगितलं गेलं. म्हणून पहिली तक्रार तीच.

हिमनदी वगळण्याचं दिलेलं कारण चुकीचं आहे. युंगफ्राउयोख हा हिमनदीच्या वरच्या, हिम साठण्याच्या भागात आहे. तिथे ऐन जुलैतही पांढरंच असतं. काळं दिसतं ते खालच्या भागात, कारण तिथे उन्हाळ्यात वरचं हिम वितळून उघडा बर्फ आणि त्यातले दगड वर येतात. वर साठा, खाली विसर्ग, आणि मधे एक रेषा जिथे दोन्ही समसमान. भातसा धरणाच्या आवक-जावकीचं रजिस्टर ज्यानं भरलं आहे त्याला यात नवं काहीच नाही. काळा भाग हा हिमनदीचा निम्मा संसार आहे. तो पाहिला नाही तर ती पाहिलीच नाही.

होय, आवक-जावक आता बिघडली आहे. २०२२ आणि २०२३ या लागोपाठच्या दोन वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या एकूण बर्फापैकी दहा टक्के गमावला. आलेच १९व्या शतकातल्या तिच्या मोठेपणापासून तीन किलोमीटरहून जास्त मागे सरली आहे. मागे सरली म्हणजे बर्फ उलटा वर चढला असं नव्हे, हेही आपल्या मॅनेजरांना कुणी सांगायला हवं. बर्फ खालीच येत असतो. टोकाशी जेवढा येतो त्याहून जास्त वितळतो, इतकंच. कॉन्कॉर्डियाप्लाट्झच्या कडेला गिर्यारोहकांची एक निवारा-झोपडी आहे, १८७७ साली बांधलेली. तेव्हा बर्फ तिच्यापासून थोडाच खाली होता. बर्फ खचत गेला तशा खडकाला लोखंडी पायऱ्या जोडत जावं लागलं. आज त्या चारशेहून जास्त आहेत. र्‍होन हिमनदीवर तर उन्हाळ्यात पांढरी जाड कापडं पसरतात, १९व्या शतकापासून दर वर्षी कोरत आलेली बर्फाची गुहा टिकावी म्हणून. कापडाखाली झाकलेली हिमनदी! आणि आपण म्हणता बघण्यासारखं काही राहिलं नाही.

उलट टोकाचीही मंडळी आहेत. ‘संपण्याआधी बघून घ्या, शेवटची संधी’ असा मजकूर एका पत्रिकेत वाचला. आलेच पुढच्या उन्हाळ्यात संपणार नाही, त्याच्या पुढच्याही नाही. लहान हिमनद्या संपत आहेत, काही संपल्या. त्यातल्या पिझोल नावाच्या हिमनदीला २०१९ मध्ये लोकांनी काळे कपडे घालून निरोप दिला. अशा गोष्टीचा सेल लावायचा? (विमानानं सात हजार किलोमीटर जाऊन बर्फासाठी हळहळणाऱ्याला हे बोलण्याचा अधिकार किती, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण जे न्यायचेच आहेत त्यांना नीट न्या, एवढंच या पत्राचं म्हणणं आहे.)

दुसरी तक्रार तब्येतीची आणि ती सर्वांत गंभीर आहे. ठाणे समुद्रसपाटीला. सकाळी इंटरलाकेनच्या ५७० मीटरवर नाश्ता करायचा आणि दुपारच्या आत ३४५४ मीटरवर उभं राहायचं. तिथे हवेचा दाब, म्हणून प्रत्येक श्वासातला प्राणवायू, समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. आमच्या ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे निम्म्याहून जास्त होते. कुणाला बायपास, कुणाला दमा. मेळाव्यात बॅगेचं वजन तीनदा सांगितलं, हे एकदाही नाही. वर ‘लवकर चला, कुपन संपेल’ म्हणून जिन्यावरून पळवलं. माझ्या बायकोला धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकावर बसवून पाणी पाजलं. हळू चालणं, अधूनमधून बसणं आणि त्रास वाढला तर पहिल्या गाडीनं खाली येणं, एवढंच तर करायचं असतं. पण ते आधी ठाऊक हवं. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाचंही तेच: काळा चष्मा आणि मलम लागतं हे आम्हाला वर दुकानात कळलं, दुकानाच्या भावात.

दोरीपलीकडे जाण्याबद्दल थोडक्यात. हिमावर आखून दिलेली वाट असते, बाजूला दोर किंवा खांब असतात. आपले लोक फोटोसाठी ओलांडतात आणि मॅनेजर बघत उभे राहतात. ताज्या हिमाखाली भेग झाकलेली असू शकते आणि ती वरून दिसत नाही. इटलीत मार्मोलाडा या डोंगरावर ३ जुलै २०२२ रोजी हिमनदीचा तुकडा कोसळला आणि ११ माणसं गेली. स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन हे गाव २८ मे २०२५ रोजी बिर्च हिमनदीच्या आणि डोंगराच्या कोसळण्यात गाडलं गेलं. डोंगरावर नजर ठेवणाऱ्यांनी आधीच इशारा दिला म्हणून गाव रिकामं होतं. घाबरवायला हे सांगत नाही. ज्या देशात गाव रिकामं करण्याइतकी नजर ठेवतात, तिथल्या दोरीला काही अर्थ असतो, म्हणून सांगतो.

गाळाबद्दल लिहिलं नाही तर खात्यातले माझे जुने सहकारी रुसतील. हिमनदी तळाशी अडकलेल्या दगडांनी खडक घासत येते. त्याचं पिठासारखं चूर्ण वितळलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी राखाडी, दुधट दिसतं. आलेचचं पाणी मासा नदीतून गेबिडेम धरणात येतं आणि तिथे इतका गाळ साठतो की तो दर वर्षी धरणाच्या तळाच्या दारांतून बाहेर सोडावा लागतो. आमच्या बसमधून असं राखाडी पाणी दिसलं तेव्हा माइकवर सांगितलं गेलं, ‘इथेही प्रदूषण आहे बघा.’ सगळ्यांना बरं वाटलं.

आता घरच्या हिमनदीबद्दल. आपल्यापैकी बहुतेक जण चारधाम करता. गंगोत्रीच्या देवळापासून गोमुख, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचं टोक, १८ किलोमीटरच्या पायवाटेवर आहे. रोज फक्त १५० जणांना परवानगी मिळते. ही मर्यादा चांगलीच आहे. पण आपल्या पत्रिकांत तिचा उल्लेखही नसतो. विचारलं तर ‘बंद आहे’ असं सांगतात. बंद नसते, परवाना आधी काढावा लागतो. ज्यांच्या पायात बळ आहे त्यांना दोन-तीन दिवस जास्त घेऊन जाण्याची सोय का नाही? आणि ज्यांच्यात नाही त्यांना भागीरथीच्या काठावर उभं करून, ‘हे पाणी कुठून आलं’ ते मराठीत दहा मिनिटं सांगायला कोणता परवाना लागतो?

आपलं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: लोकांना हेच हवं असतं. मला ते मान्य नाही. जानेवारीच्या थंडीत मैदानावर खुर्च्या टाकून रात्री दहापर्यंत व्याख्यानं ऐकणारं हे शहर आहे. त्याच माणसांना विमानात बसवलं की त्यांची अक्कल बॅगेबरोबर चेक-इन होते, असं आपण का धरून चालता? आइस्मेअरच्या खिडकीशी आजींनी प्रश्न विचारला होता. कुतूहल होतं, वेळ नव्हता. वेळ आपण ठरवता.

तेव्हा मागण्या अशा:

१. युरोपच्या सहलीत निदान एक हिमनदी मूळ खर्चात ठेवा. ‘ऐच्छिक’ काही करायचंच असेल तर ते खरेदीला करा. खर्च वाढत असेल तर तसं स्पष्ट लिहा; आम्ही ठरवू.

२. वर किमान अडीच तास द्या. आइस्मेअरला खिडकी आधी, वॉशरूम नंतर. वॉशरूम वरही आहे.

३. पत्रिकेत खरं लिहा. कृत्रिम उतारावरचा किंवा रस्त्याकडेचा हिमाचा ढीग म्हणजे हिमनदी नव्हे. त्याला ‘स्नो पॉइंट’ म्हणा, हरकत नाही. मजा त्यातही आहे, आम्हीही घसरलो आहोत.

४. निघण्याआधीच्या बैठकीत अर्धा तास हिमनदीसाठी आणि पंधरा मिनिटं उंचीवरच्या तब्येतीसाठी राखून ठेवा. साठीच्या पुढच्यांना डॉक्टरांचा सल्ला घ्यायला लेखी सांगा. वर कुणी बसून राहिलं तर त्याच्यासोबत थांबणारं माणूस ठेवा.

५. टूर मॅनेजरांचं प्रशिक्षण घ्या. मराठीत दोन पानांची माहिती छापून त्यांच्या हातात द्या. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही, विचारून सांगतो’ म्हणायची मुभा द्या. आज ती त्यांना नाही, म्हणून ती मुलं महाराजांना मधे आणतात.

६. इंटरलाकेनच्या मुक्त दिवशी एगिसहॉर्नचा पर्याय द्या. पंधरा माणसं मिळाली तरी पुरे. मिळतील, याची खात्री मी देतो.

७. चारधामच्या पत्रिकेत गोमुखाच्या परवान्याची खरी माहिती छापा.

यातलं दोन पानांचं टिपण मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको. बैठकीत येऊन बोलायलाही येईन. पडदा आणि प्रोजेक्टर आपला, नकाशे माझे.

पाचपाखाडीत आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर दर वर्षी दिवाळीनंतर पुढच्या उन्हाळ्याची नावनोंदणी होते. आगाऊ रकमेचे धनादेश एकत्र गोळा करून मीच आपल्यापैकी कुणाच्या तरी ऑफिसात पोचवतो. या वर्षीचे धनादेश अजून माझ्याकडेच आहेत. कट्ट्यावर हे पत्र वाचून दाखवलं आहे आणि सगळ्यांचं ठरलं आहे: सुधारलेली पत्रिका जो आयोजक आधी आणून देईल, त्याच्याकडे ते जातील. नोव्हेंबरअखेरपर्यंत वाट पाहू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता
पाचपाखाडी, ठाणे